पहिल्यांदाच

"तुला काय, तुला बाबांचा आशीर्वाद आहे. मेला तर गडी मरेल."

गोठ्याच्या मधल्या भिंतीतली एक वीट निखळली होती. तेवढ्या फटीतून सुनेला गड्याची कुरकुर ऐकू आली. ती अलीकडे गाईंखालचं शेण ओढत होती, तो पलीकडे वळूला पाणी दाखवत होता. गडी सगळ्याच जनावरांशी बोलायचा, पण गाईंशी बोलताना त्याचा आवाज सैल असायचा. वळूपुढे तो दातांतल्या दातांत बोलायचा, आणि बादली पुढे सरकवायला हात नाही, लांब काठी वापरायचा.

सुनेच्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, वळूला पवित्र शास्त्रातल्या एका बलवानाचं नाव ठेवलं होतं, ज्याचा सगळा जोर केसांत होता आणि केस कापल्यावर गेला तो. घरात मात्र त्याला तांबडाच म्हणत. जनावर बघत राहावं असं. खांद्यावर उंचवटा, गळ्याखाली लोंबती पोळी, आणि शिंगं अशी की सुतारानं रंधा मारून ठेवली असावीत. आसपासच्या वस्त्यांवरून लोक आपल्या गाई घेऊन यायचे. बाबा त्याच्या पाठीवर हात ठेवून त्यांना सृष्टीच्या उत्पत्तीचा अध्याय ऐकवायचे. वेसण तेवढी गड्याच्या हातात असायची. बाबांना तांबड्याची पाठ सापडायची ती वेसण दुसऱ्याच्या मुठीत असतानाच.

"त्या बलवानाचा जोर केसांत होता, याचा शिंगांत आहे," गडी सुनेला म्हणायचा. "त्याला निदान एक न्हावी तरी भेटला."

घराला नियम होता. संध्याकाळी जेवणाआधी बाबा शास्त्रातला एक अध्याय वाचत. अगदी क्रमानं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि संपलं की पुन्हा पहिल्यापासून. वगळणं माहीत नव्हतं. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, अशा वंशावळी सुरू झाल्या की भाजी थंड व्हायची, मुलाची मान पडायची, पण बाबा एकही नाव गाळत नसत. देवानं लिहून ठेवलंय ते काय चव बघून घ्यायचं, असं त्यांचं म्हणणं.

वाचन झालं की प्रत्येकानं एक वचन नाही तर एक आज्ञा पाठ म्हणायची, मगच घास उचलायचा. मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, नेहमी आईबापांचा मान राखायची आज्ञा म्हणायचा. ती लहानपणीच पाठ झालेली, आणि बापही खूश. सून मेंढपाळाचं स्तोत्र म्हणायची. गडीही त्याच पंगतीला असे, आणि त्याचं वचन ठरलेलं : प्रभू रडला, ते. सगळ्या शास्त्रातलं सर्वांत लहान.

बाबा म्हणायचे, देवानं एवढं मोठं शास्त्र दिलं आणि तुला एवढंच सापडलं का. गडी म्हणायचा, भूक मोठी असली की वचन लहान बरं पडतं, बाबा.

राहिली आई. आईला वाचता येत नव्हतं. ऐकून ऐकून तिला शास्त्र बाबांच्या खालोखाल येत असे, पण ती म्हणायची त्यात अर्थ देवाचा आणि शब्द चुलीजवळचे असायचे. बाबा तिचा एकेक शब्द दुरुस्त करत बसायचे. पुढे पुढे त्यांनी त्याचाही कंटाळा केला. स्वतःचं वचन झालं की "आमचं दोघांचं एकच" असं म्हणून ते आमेन म्हणून टाकत. आई तोवर वाढायला उठलेली असे.

त्या साली पावसानं दडी मारली. गवत गुडघ्याला यायच्या आधीच पिवळं पडलं, मग मातीच्या रंगाचं झालं, मग दिसेनासं झालं. चाऱ्याच्या खोलीत मागची भिंत दिसायला लागली. गाईंची बरगडी न् बरगडी मोजून घ्यावी. त्यांची धार इतकी बारीक झाली की भांड्यात पडताना आवाजसुद्धा होईना. उपाशी गाय खाली मान घालून उभी राहते. उपाशी वळू तसा राहत नाही.

पहिली पाळी सुनेची होती. ती गव्हाणीत मूठभर भुसा टाकत होती. तांबड्यानं मान वळवली आणि कपाळानं तिला भिंतीशी दाबून धरलं. शिंगं तिच्या दोन्ही बाजूंनी भिंतीला टेकली होती म्हणून ती वाचली. गड्यानं वेसण ओढली तेव्हा कुठे तिचा श्वास सुटला. संध्याकाळी तिनं ते सांगितलं. बाबा म्हणाले, जनावराला भीतीचा वास येतो, तू भितेस म्हणून तो ढकलतो. आणि भिऊ नकोस असं सांगणारी चार वचनं त्यांनी तिला तिथल्या तिथे काढून दिली. रात्रभर तिला कुशीवर वळता आलं नाही. वचनं मात्र चारही पाठ झाली.

मग गडी एकदा फाटक्या सदऱ्यानं घरात आला. उंबऱ्याच्या आत तो सहसा जेवायलाच यायचा. तो म्हणाला, बाबा, याला आता आडणे घालून वेगळा कोंडवाडा करायला हवा. जाडजूड लाकडाचा. आज सदरा फाटला, उद्या मी फाटेन. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, कोंडला की लोक विचारतील का कोंडला. वळूचं मारका म्हणून नाव पडलं की कोण गाय घेऊन येईल? पाऊस पडला की बघू.

आईही बोलली असावी. सून भांडी घासत होती, आतलं आईचं बोलणं तिला ऐकू आलं नाही. बाबांचं उत्तर तेवढं आलं.

"आता तू मला देवाच्या आज्ञा शिकवणार का?"

पाऊस काही पडला नाही. एका सकाळी गडी तांबड्याला पाण्यावर नेत होता आणि मुलगा फाटक उघडून उभा होता. मुलगा पुढे एवढंच सांगू शकला की काही झालंच नव्हतं. कुत्रं भुंकलं नाही, कुणी ओरडलं नाही. तांबडा थांबला, एक पाऊल मागे सरला आणि खाली मान घालून आला. शिंग गड्याच्या जांघेत शिरलं. त्यानं गड्याला उचललं, फाटकाच्या खांबावर आपटलं आणि मग तिथेच बाजूला उभा राहून वाळका पाला हुंगू लागला.

गडी वाचला. जखम भरली, पण कंबरेचं हाड जसं बसायला हवं होतं तसं बसलं नाही. तो चालणार नाही हे कळायला कुणी वैद्य लागला नाही. चाऱ्याची खोली जवळजवळ रिकामीच होती, तिथे त्याची खाट टाकली. मुलगा त्याला उचलायचा, आई त्याची पाठ पुसायची, सून भांडं नेऊन रिकामं करायची. सून भांडं घेऊन निघाली की गडी भिंतीकडे तोंड करायचा आणि छतातल्या कोळ्याशी काहीतरी बोलू लागायचा. बाबा रोज येऊन त्याच्यासाठी प्रार्थना करायचे. सुंदर प्रार्थना असायची. गडी नंतर आईला म्हणाला, आकाशातली सगळी दारं वाजवतात बाबा, पण कूस बदलायला दोन हात तुमचेच लागतात.

अपघातानंतरच्या पहिल्याच रविवारी उपासनेत बाबा उभे राहिले. मंडळीत त्यांचा शब्द मोठा. पाळकसाहेबही कधी वचन अडलं की त्यांच्याकडे बघायचे. बाबांनी गड्यासाठी प्रार्थनेची विनंती केली. म्हणाले, मुलासारखं वाढवलेलं जनावर, आजवर कुणाला शिंग लावलं नाही. पहिल्यांदाच. देवाची इच्छा.

सुनेच्या कुशीतला डाग तेव्हा हिरवा होऊन पिवळा पडू लागला होता. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा आपल्या पायांकडे बघत होता. आईनं डोळे मिटले होते, पण प्रार्थना अजून सुरू व्हायची होती.

"पहिल्यांदाच" हा शब्द मग घरात राहायलाच आला. दूध न्यायला येणाऱ्यांना बाबा तो सांगायचे, गाई घेऊन येणाऱ्यांना सांगायचे. कुणी विचारलं नसलं तरी सांगायचे. गड्याला सांभाळतात म्हणून लोक त्यांची वाहवा करत. आजकाल बिनकामाच्या माणसाला कोण पोसतं, म्हणत. बाबा म्हणायचे, दया कर असं आपल्याला शिकवलंय ना. संध्याकाळी मुलगा गड्याला उचलून पंगतीत आणून बसवायचा, आणि गड्यानं आता वचनाआधी बाबांच्या घराबद्दल देवाचे आभार मानायचे असं ठरलं. गडी मानायचा. आधी त्याचं वचन लहान होतं, आता त्याला पुढून सोंड फुटली.

वाचन चालूच होतं. त्या दिवसांत देवानं पर्वतावर लोकांना आज्ञा दिल्या तो भाग आला. दहा आज्ञांचा अध्याय बाबा न बघताच म्हणायचे. तो त्यांनी असा म्हटला की गडीसुद्धा ताठ बसायला गेला आणि कळवळला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी शास्त्र उघडलं. खूण म्हणून घातलेली फीत काढली, बोट ओलं केलं आणि पानं उलटली. एक, आणखी एक, आणखीही. मग ते देवाच्या मंडपाचं माप वाचू लागले. लाकूड किती हात लांब, किती हात रुंद, कड्या कशाच्या. आईच्या हातातला डाव भांड्याच्या काठावर थांबला. मुलगा झोपलेला नव्हता. ज्या घरात वंशावळीतलं एक नाव गाळत नसत, त्या घरात चार अध्याय गेले आणि ताटं वाढली गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे पांगल्यावर सुनेनं ती मधली पानं उघडली. दासांचे नियम, मारामारीचे नियम, आणि मग बैलाचा. बैलानं माणसाला मारलं तर बैलाचा जीव घ्यावा, मालक निर्दोष. पण बैल आधीपासून मारका असेल, मालकाला तसं बजावलेलं असेल आणि तरी त्यानं त्याला कोंडलं नसेल, तर दोष मालकाचा, आणि शिक्षा त्याच्या जिवाची.

तिनं ते पुन्हा वाचलं. बाबा शास्त्र विसरले असते तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं. विसरलेला माणूस काहीही बोलून जातो. बाबा नेमका तो एकच शब्द बोलत होते ज्यानं मालक सुटतो. सगळ्या शास्त्रातून त्यांनी स्वतःपुरती एवढी फट शोधून ठेवली होती, आणि रोज तिच्यातून ये-जा करत होते.

तिनं फीत त्या पानात घालून ठेवली. संध्याकाळी बाबांनी शास्त्र उघडलं, फीत पाहिली, सगळ्यांच्या तोंडांवरून एकदा नजर फिरवली आणि पुन्हा मंडपाचं माप पुढे सुरू केलं. दुसऱ्या दिवशी फीत मंडपात होती.

धार काढताना नवऱ्यानं विचारलं, "तू ठेवलीस?"

"हो."

त्यानं दुसऱ्या सडाला हात घातला. मग म्हणाला, गडी फाटक्या सदऱ्यानं आला तेव्हा मी तिथेच बसलो होतो, मलाही दिसत होतं. पण बाप आहे तो. तू आपलं नेहमीचं म्हणत जा. गाईनं शेपटी मारली तेव्हा दोघंही जरा हसले, आणि हसलो म्हणून दोघांनाही राग आला.

चारा संपला तसं तांबड्याला विकायचं ठरलं. पाळकसाहेबांनी दूरच्या एका मंडळीतल्या माणसाला निरोप दिला होता. त्यांच्याकडचा वळू मेला होता. माणूस यायच्या आदल्या दिवशी बाबांनी फाटकाच्या खांबाला चुना मारून घेतला. खांबावर डाग होता तो त्यात गेला. तांबड्याला उरलासुरला भुसा एकदम घातला, पाय बांधून आडवा पाडला आणि मुलाला करवत आणायला सांगितली. शिंगांची टोकं कापायला बराच वेळ लागला. तो घरघर आवाज चाऱ्याच्या खोलीत स्पष्ट जात होता. सून गड्याला पाणी द्यायला गेली तेव्हा तो छताकडे बघत होता.

"न्हावी आला वाटतं," तो म्हणाला. "माझ्या वेळेला याला उशीर झाला."

कापलेल्या जागा घासून त्यांना तेल लावलं. टोकं बाबांनी कुठे टाकली कुणाला कळलं नाही.

गिऱ्हाईक आलं ते धुळीनं पांढरं होऊन. वाळका, खोकणारा माणूस, टोपी हातात धरून बोलणारा. दारातच त्यानं बाबांना म्हटलं, तुमच्याबद्दल पाळकसाहेबांकडून फार ऐकलंय, तुमच्या दारचं जनावर म्हणजे बघायचं कारण नाही, तरी डोळ्यांचं समाधान म्हणून बघतो. पोट भरलेला तांबडा डोळे अर्धे मिटून रवंथ करत होता. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. वेसण मुलाच्या हातात होती.

शिंगं का कापली, असं त्या माणसानं विचारलं. कुंपणात अडकायची, बाबा म्हणाले. गड्याला लागलं असं कानावर आलं, तो जरा संकोचून म्हणाला. बाबा म्हणाले, हो, पहिल्यांदाच. आणि खरं सांगायचं तर गड्याचाच पाय घसरला.

सून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. हे तिनं आजच ऐकलं. चाऱ्याच्या खोलीचं दार उघडंच होतं, म्हणजे गड्यानंही आजच ऐकलं.

माणूस म्हणाला, बरं झालं शिंगं कापली ते. आमच्याकडे जनावरं लेकच बघते. तिची आई गेल्यापासून सगळा गोठा तिच्यावर. अजून माझ्या खांद्याला लागत नाही, पण भीती म्हणून कशी ती ठाऊक नाही. बैलाच्या पोटाखालून पलीकडे जाते. बोलताना त्याचा खोकला थांबला होता. बाबा म्हणाले, देव लेकरांना सांभाळतो. सुनेच्या हातातला तांब्या हिंदकळला आणि पाणी त्या माणसाच्या पायावर सांडलं. तो उलट तिलाच म्हणाला, असू दे बाई, धूळ तरी गेली.

व्यवहार ठरला. उद्या उजाडता तांबडा जाणार होता. आज पाहुण्यानं जेवूनच निजायचं, असा बाबांचा आग्रह. पाहुण्याच्या मानानं ताटं मांडली. मुलानं गड्याला उचलून आणला आणि पाठीशी उशी देऊन बसवला. पाहुण्यानं त्याला प्रभूच्या नावानं नमस्कार केला. गडी म्हणाला, घसरलेल्या माणसाला तुम्ही हात जोडता, मोठेपणा तुमचा. बाबांनी लगेच शास्त्र उघडलं.

मंडपाचे पडदे, मंडपाचे खांब, खांबांच्या बैठका. वाचन संपलं. पाहुण्याचं वचन आधी झालं. मग मुलानं आईबापांचा मान राखायची आज्ञा म्हटली. मधेच तो घोटभर पाणी प्यायला आणि मग त्यानं उरलेली पुरी केली.

आता सुनेची पाळी होती. तिच्या तोंडात बैल तयार होता. दुपारपासून ती तो अध्याय मनात म्हणत होती, शब्दन् शब्द तिच्याजवळ होता. नवऱ्याचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागला. बाबांनी हसून तिच्याकडे पाहिलं, वडीलधाऱ्यानं बघावं तसं. तिनं तोंड उघडलं आणि त्यातून मेंढपाळाचं स्तोत्र बाहेर पडलं. हिरवी कुरणं, संथ पाणी. संपलं तेव्हा तिचे कान पेटले होते. खाली बघून तिनं पदराची शिवण दोन बोटांत धरली आणि सोडलीच नाही.

गड्यानं घराबद्दल आभार मानले आणि म्हणाला की प्रभू रडला. पाहुणा हसला, आमच्या गावातही असा एक आहे म्हणाला. बाबाही हसले. मग त्यांनी स्वतःचं वचन म्हटलं. दयेबद्दलचं होतं, लांबलचक, आणि एकही शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

"आमचं दोघांचं एकच," ते म्हणाले. "आमेन. घ्या, करा सुरुवात."

पाहुण्यानं घास मोडला.

"माझं राहिलंय," आई म्हणाली.

ती उभी होती, हातात वाढायचं भांडं तसंच. बाबा म्हणाले, पाहुणे भुकेले आहेत, उद्या म्हण. पाहुण्यानं मात्र घास ताटात परत ठेवला. तो भला माणूस होता, म्हणाला, म्हणू द्या त्यांना.

आईनं भांडं खाली ठेवलं. पदराला हात पुसले, एकदा, मग पुन्हा.

"ज्याचा बैल पहिल्यांदाच मारतो, त्या मालकाला देव धरत नाही," ती म्हणाली. "पण जो बैल आधीच मारका आहे, आणि लोकांनी मालकाला येऊन सांगितलंय, आणि तरी त्यानं तो मोकळा ठेवलाय, त्या मालकाला देव सोडत नाही."

"शब्द तसे नाहीत," बाबा म्हणाले. ते त्यांच्या तोंडून सवयीनंच गेलं.

"नसतील. ते तुम्ही नीट करा."

गडी भिंतीकडे तोंड करायला गेला, पण पाठीमागच्या उशीनं त्याला वळू दिलं नाही. आई पाहुण्याकडे वळली.

"भाऊ, तुमच्या लेकीला तांबड्यासमोर पाठवू नका. या गड्याचा पाय घसरला नव्हता. यानं आधीच सांगितलं होतं, फाटका सदरा घालून तिथे उंबऱ्यात उभं राहून. सुनेनं सांगितलं होतं. मीही सांगितलं होतं. बैल मारका आहे, आणि मालकाला माहीत होतं."